आरती मधेच थांबवून कोणी पहिल्यापासून म्हणत नाही

गोव्यात फर्मागुडीला इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलाने विचारलं आहे: "दादा, तीन वर्षं ओसू खेळतोय. रोज चार-पाच तास. जागतिक क्रमांक चाळीस हजारांच्या आसपास आला आणि वर्षभर तिथेच अडकलाय. 180 बीपीएमच्या पुढची स्ट्रीम हातात बसत नाही, हल्ली मनगटही दुखतं. मॅग्नेटिक कीबोर्ड घेतला तर फरक पडेल का? चार आकडी क्रमांकासाठी नेमका सराव कसा करायचा?"

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ओसू हा संगणकावरचा, फुकट मिळणारा लयीचा खेळ. डीन हर्बर्ट या ऑस्ट्रेलियन प्रोग्रामरने तो 2007 मध्ये काढला. गाणं वाजतं, पडद्यावर वर्तुळं उमटतात, प्रत्येकाभोवती एक कडं आवळत येतं. ते वर्तुळाला टेकतं त्या क्षणी कर्सर तिथे हवा आणि बटण दाबलेलं हवं. एका हातात पेन किंवा माउस, दुसऱ्या हाताची दोन बोटं झेड आणि एक्सवर. बीपीएम म्हणजे गाण्याचा वेग, मिनिटाला किती मात्रा; स्ट्रीम म्हणजे न थांबता लागोपाठ येणारी वर्तुळं, एका मात्रेत चार. एवढंच. वाचताना पोरखेळ वाटतो, पण यात दहा-दहा वर्षं घातलेली माणसं आहेत आणि त्यातला एक मी. डिचोलीत बसून, आईच्या शिव्या खात, एकदा साडेचार हजारांच्या आत जाऊन आलोय. आता नोकरी आहे, त्यामुळे घसरलोय. पण वाट ओळखीची आहे.

कीबोर्डचं नंतर बोलू. तुझं प्रोफाइल उघडलं तेव्हा मी क्रमांक पाहिलाच नाही, आधी 'सर्वाधिक खेळलेली' यादी पाहिली. सगळ्यात वरचं गाणं तीन मिनिटं चाळीस सेकंदांचं. खेळल्याची संख्या 612. त्यातलं शेवटपर्यंत किती वेळा गेलास, असं मी विचारलं, तर तू आठवून सांगितलंस, चौदा. बाकीच्या वेळी पस्तिसाव्या सेकंदाच्या आसपासची ती लांब स्ट्रीम चुकली की एस्केपच्या खालचं बटण, आणि पुन्हा पहिल्यापासून.

आता हिशेब मांड. 598 वेळा पस्तीस सेकंद म्हणजे जवळजवळ सहा तास. त्या गाण्याचा पहिला अर्धा मिनिट तू सहा तास वाजवला आहेस. त्याच गाण्याचा शेवटचा मिनिट तुझ्या वाट्याला आलाय एकूण चौदा मिनिटं. आणि मला तू लिहितोस की, "शेवटी हात थकतो, तिथेच फुटतं." अरे, फुटणारच. ती जागा तुला परकी आहे. तिथे तू पाहुणा म्हणून गेलायस, आणि तेही वर्षातून चौदा वेळा.

तुझी गाडी वेगात अडलेली नाही, रिट्रायच्या बटणात अडली आहे. पुढे जे काही लिहितोय ते या एका गोष्टीभोवतीच फिरणार आहे, त्यामुळे वेगळा गुरुमंत्र शोधत बसू नकोस.

मला हे कळलं ते खेळातून नाही, चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला कळलं. आमच्याकडे घुमट आरती असते. तू फोंड्याकडचा, तुला सांगायला नको. पण बाहेरचेही वाचत असतील. घुमट म्हणजे मातीचं मडकं, एका तोंडाला चामडं, दुसरं तोंड उघडं. उजव्या हाताने चामड्यावर वाजवायचं आणि डाव्या तळव्याने मागचं तोंड उघडझाप करून नाद बदलायचा. पूर्वी घोरपडीचं कातडं असायचं, आता त्यावर बंदी आहे म्हणून बकरीचं असतं. 2019 मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं. जोडीला शामेळ हे चर्मवाद्य, कांसाळी म्हणजे झांजा, आणि पंधरा-वीस जणांचा आवाज. एका घरची आरती संपली की दुसरं घर, मग तिसरं. चौथ्या-पाचव्या घरी बोटं सुजलेली असतात, घामाने चामड्यावर हात सटकतो, बाहेर पाऊस असला तर ओलीने चामडं उतरतं ते वेगळंच.

एका चवथीला मी चढत्या लयीत हात चुकलो. भर आरतीत. चुकल्यावर माझी डावी करंगळी आपोआप हलली, जणू समोर कीबोर्ड आहे आणि पहिल्यापासून सुरू करायचंय. शेजारी शामेळ वाजवणाऱ्या काकांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी फक्त पुढच्या समेला मान जरा जोरात हलवली. म्हणजे, बाबा, इथे ये. मी दोन मात्रा गप्प राहिलो, समेवर पकडलं, आरती पुढे गेली. घरी आल्यावर झोप लागेना. पाच वर्षं ओसू खेळून मी एकदाही 'चुकल्यावर परत पकडणं' शिकलो नव्हतो. चुकलं की जग पुसून टाकायचं, एवढंच शिकलो होतो.

रिट्रायचा दुसरा तोटा जास्त बारीक आहे. एकच जागा लागोपाठ पन्नास वेळा वाजवली की ती सुधारल्यासारखी वाटते, आणि त्या दिवशी ती खरंच सुधारलेली असते. दुसऱ्या दिवशी बसलास की पुन्हा जिथल्या तिथे. हे फक्त तुझंच होतं असं नाही. 1979 मध्ये शी आणि मॉर्गन या दोन संशोधकांनी हाताच्या हालचाली शिकवण्याचा एक प्रयोग केला. एका गटाने एक हालचाल पूर्ण घोटली, मग दुसरी, मग तिसरी. दुसऱ्या गटाने तिन्ही मिसळून, क्रम बदलत केल्या. सराव चालू असताना पहिला गट पुढे होता. काही दिवसांनी पुन्हा तपासलं तेव्हा दुसरा गट पुढे निघाला. मिसळून केलं की प्रत्येक वेळी मेंदूला ती हालचाल नव्याने उभी करावी लागते, आणि हे उभं करणंच शिकणं असतं. लागोपाठ रिट्राय मारताना तू काहीच उभं करत नाहीस, गरम तव्यावरची पोळी पुन्हा पुन्हा उलटत बसतोस.

म्हणून पहिले तीन आठवडे एकच नियम. एक गाणं दिवसातून दोनदाच, आणि सुरू केलं की शेवटपर्यंत. मरायची भीती असेल तर नो फेल लाव, म्हणजे कितीही चुकलं तरी गाणं मधेच बंद पडत नाही; गुण कमी पडले तरी चालतील. सेटिंगमध्ये जाऊन झटपट रिट्रायचं बटण काढून टाकता येतं, पण मला ते पुरलं नव्हतं. परत जाऊन लावत होतो. शेवटी मी कीबोर्डवरून त्या बटणाची टोपीच उपटून सुपारीच्या डबीत टाकली. आजी आठवडाभर विचारत होती की हा काळा चौकोन कसला.

पहिले चार दिवस चिडचिड होईल. चुकलेल्या स्ट्रीमनंतर पुढचे दहा सेकंद तू काहीच्या बाही वाजवशील, कारण मन अजून मागच्या चुकीवर बसलेलं असतं. तेच सुधारायचं आहे. चुकल्यावर किती वर्तुळांनी तू परत लयीत आलास ते रिप्लेमध्ये मोज आणि वहीत लिही. माझं पहिल्या आठवड्यात वीसच्या वर असायचं. महिन्याभराने चार-पाचवर आलं. क्रमांक तोवर एका आकड्यानेही हलला नव्हता, पण मला कळलं होतं की आता हलणार.

"मग अवघड जागा घोटायच्याच नाहीत का?" घोटायच्या, पण वेगळ्या काढून. ओसूच्या एडिटरमध्ये गाणं उघड, हवी ती जागा पकड आणि एफ-5 दाब. तिथूनच खेळायला सुरुवात होते. शेवटच्या मिनिटाची स्ट्रीम तिथून वाजव. सहा-सात वेळा वाजवली की सोड, दुसऱ्या गाण्याची वेगळीच जागा घे, मग परत ये. लेझर या ओसूच्या नव्या आवृत्तीत गाण्याचा वेग हवा तसा बदलता येतो, अर्ध्यापासून दुपटीपर्यंत. पूर्वी आमच्या हातात दोनच गोष्टी होत्या, पाऊणपट आणि दीडपट. तुला नव्वद टक्के, पंच्याण्णव टक्के मिळतंय, त्याचा उपयोग कर. नव्वद टक्क्यांवर स्वच्छ वाजल्याशिवाय पूर्ण वेगाला हात लावायचा नाही. कंटाळवाणं आहे, मान्य. ठायीत न वाजवता चौगुणीत गेलेला पखवाजवादक कुणी पाहिलाय का?

आता वेगाचं. 180 बीपीएमची स्ट्रीम म्हणजे सेकंदाला बारा वर्तुळं, दोन वर्तुळांमध्ये सुमारे 83 मिलिसेकंद, प्रत्येक बोटाला सेकंदाला सहा ठोके. 200 ला गेलास की अंतर 75 मिलिसेकंद. नुसते ठोके मोजले तर धडधाकट माणसाची बोटं पाच सेकंदांपुरती एवढी चालतात. टेबलावर वाजवून बघ, तुझीही चालतील. म्हणजे बोटात वेग आहे. गाण्यात गेल्यावर तो जातो कुठे?

तो ताठरपणात जातो. बोट खाली आणणारे आणि वर उचलणारे असे दोन वेगळे स्नायू कोपराच्या खालच्या भागात असतात. सैल हातात ते आलटून पालटून काम करतात. घाबरलास, ताणलास, की दोन्ही एकदम आवळतात आणि बोट स्वतःशीच झुंजायला लागतं. चाळीस सेकंदांत हात दगड होतो. "स्टॅमिना कमी पडतो" असं तू म्हणतोस तो बहुतेक वेळा स्टॅमिना नसतोच. तपासायची एक साधी युक्ती आहे. 150-160 च्या लांब स्ट्रीमचं गाणं लाव आणि वाजवता वाजवता एखाद्या आरतीची ओळ गुणगुणून बघ. गुणगुणता आलं तर हात सैल आहे. श्वास अडकला, दात आवळले गेले, तर वेग कमी कर. हा वेग तुझ्या अभिमानाला लागेल इतका कमी निघेल, माझा निघाला होता.

माझ्या मते वेगाचा सराव दोन टोकांना करावा. एकीकडे सैल हाताने 150 ते 165 मधली लांब, तीन-चार मिनिटांची गाणी. दुसरीकडे 195-210 मधले अगदी छोटे झटके, पाच ते नऊ वर्तुळांचे, मध्ये भरपूर मोकळी जागा असलेले. जिथे तू वर्षभर डोकं आपटतोयस तो मधला 180 चा पट्टा महिनाभर सोडून दे. परत जाशील तेव्हा भिंत बरीच खाली आलेली असते. हे सगळ्यांना पटत नाही, काही चांगले खेळाडू सतत वेगाच्या वरच्या टोकालाच राहा म्हणतात. ते अठरा वर्षांचे असतात आणि त्यांचं मनगट अजून दुखलेलं नसतं.

अचूकतेकडे तू लक्षच देत नाहीस हे तुझ्या निकालांवरून दिसतं. सगळीकडे 94-95 टक्के. यूआर नावाचा आकडा निकालाच्या पानावर असतो, तो बघायला शीक. तुझे ठोके सरासरीभोवती किती विखुरलेले आहेत त्याच्या मिलिसेकंदातल्या मापाची दहापट म्हणजे यूआर. यूआर 130 म्हणजे विखुरणं 13 मिलिसेकंद. ओडी म्हणजे ठोक्याची वेळ किती काटेकोर हवी त्याचा आकडा. ओडी 9 च्या गाण्यात पूर्ण 300 गुण मिळायला ठोका अलीकडे-पलीकडे सुमारे 26 मिलिसेकंदांत पडावा लागतो. म्हणजे 130 यूआरला शंभरातले साधारण पंच्याण्णव ठोके आत पडतात. तू पाठवलेल्या रिप्लेमध्ये यूआर 150 च्या वर आहे. तिथे शंभरातले आठ-नऊ बाहेर जातात. आणि यूआर 100 वर आणलास तर शंभरात एखादाच. एका 100 च्या ठोक्याला पूर्ण गुणांचा तिसरा भाग मिळतो, 50 ला सहावा, तेव्हा या विखुरण्याची किंमत फार पडते. जुन्या आवृत्तीत दीडपट वेगात खेळलास तर दिसणारा यूआर दीडने भागून घे, नाहीतर उगाच निराश होशील.

यूआर खाली आणायला बोटांपेक्षा कान लागतात. तुझ्या रिप्लेमध्ये एक जागा आहे, जिथे गाणं चौगुणीतून तिगुणीत जातं. म्हणजे एका मात्रेत चारऐवजी तीन ठोके. तू तिथे तीनही ठोके चौगुणीच्याच अंतराने मारलेस आणि मग पुढच्या मात्रेची वाट बघत थांबलास. बोटं चुकली नाहीत, तुला तिगुण ऐकूच आली नाही. यावर उपाय खेळात शोधू नकोस. खुर्चीतून ऊठ, गाणं नुसतं लाव, पायाने मात्रा धर आणि तोंडाने बोल म्हण. तबला शिकणाऱ्या कुठल्याही पोराला आधी पढंत करायला लावतात, हाताच्या आधी तोंड. ज्या गोव्यात खाप्रूमामा पर्वतकरांसारखा लयभास्कर झाला, जे एका हाताने एक ताल आणि दुसऱ्याने दुसरा दाखवायचे असं जुने लोक सांगतात, तिथल्या मुलाने मात्रेचे तीन भाग यूट्यूबवरच्या परदेशी पोराकडून शिकावेत हे मला जरा लागतं. तुमच्या वाड्यावर भजनाला पखवाज वाजवणारं कोणी असेलच. दोन संध्याकाळी त्याच्याशेजारी नुसता बसून टाळ धर. थट्टा करत नाहीये.

वाचनाचं, म्हणजे पडद्यावरची वर्तुळं डोळ्यांनी उलगडण्याचं, फार लिहीत नाही. तुझं ते बरं आहे. एवढंच ध्यानात ठेव की एआर, म्हणजे वर्तुळ किती आधी दिसतं त्याचा आकडा, 9 असेल तर वर्तुळ 600 मिलिसेकंद आधी दिसतं, 180 च्या स्ट्रीममध्ये म्हणजे एका वेळी सातेक वर्तुळं पडद्यावर. कोणी एकेक वर्तुळ बघून प्रतिक्रिया देत नाही, आकृती ओळखायची असते. एआर 10 ला 450 मिलिसेकंद मिळतात आणि तिथे नवी माणसं डोळे फाडून बघायला लागतात. डोळे फाडले की खांदे वर जातात, खांदे वर गेले की हात ताठ. मघाशी सांगितलंच.

आता जो भाग कोणी सांगत नाही, तो घबराटीचा. गाणं संपत आलंय, अजून एकही मिस नाही, आणि छातीत धडधड. अशा वेळी बहुतेकांचे ठोके लवकर पडायला लागतात. पडद्याखालच्या पट्टीवर खुणा डावीकडे सरकताना दिसतात, गाण्याच्या पुढे हात पळतो. तुझ्या चौदा पूर्ण प्रयत्नांपैकी तू पाठवलेल्या तिन्हीत हेच आहे. घबराट जात नाही, माझी आजही जात नाही. पण जी जागा चौदा वेळा पाहिली आणि जी चारशे वेळा पाहिली, त्यांत धडधडत्या छातीने वाजवण्यात फरक पडतो. आणि एक मिस झाला म्हणजे सगळं संपलं हेही आता तितकं खरं नाही. 2024 मध्ये पीपी, म्हणजे ज्यांवर क्रमांक ठरतो ते गुण, मोजण्याची पद्धत बदलली, त्यानंतर मधेच तुटलेल्या कॉम्बोची, म्हणजे न चुकता जोडलेल्या साखळीची, पूर्वीसारखी जबर शिक्षा होत नाही. रिट्रायचं शेवटचं निमित्तही त्यांनी काढून घेतलंय.

याच कारणासाठी स्पर्धांत उतर. पाच आकडी क्रमांकवाल्यांसाठी वेगळ्या स्पर्धा भरतात, हौशी लोकच भरवतात, नाव नोंदवायला पैसे पडत नाहीत. सामन्याच्या आठवडाभर आधी गाण्यांचा संच जाहीर होतो: काही साधी, काही लपणाऱ्या वर्तुळांची, काही बारीक वर्तुळांची, काही दीडपट वेगाची. सामन्यात एकच संधी. हरशील. मी पहिले तीन सामने असा हरलो की सोबतचा मुलगा चॅटवर गप्प झाला होता. पण त्या दोन महिन्यांत जेवढं शिकलो तेवढं आधीच्या वर्षभरात शिकलो नव्हतो, कारण तिथे एस्केपखालचं बटण चालत नाही. स्पर्धा जमत नसेल तर मल्टिप्लेअरच्या खोल्यांत जा, तिथेही गाणं दुसऱ्याने निवडलेलं असतं.

कीबोर्ड. मॅग्नेटिक स्विचचा फायदा खरा आहे. बोट जरासं वर आलं की बटण सुटलं असं तो मानतो, त्यामुळे थकलेल्या हातात बटण दाबलेलं राहून ठोका चुकण्याचा प्रकार कमी होतो. पण 150 च्या वर यूआर असलेल्या माणसाला तो कीबोर्ड म्हणजे उतरलेल्या चामड्याच्या घुमटाला चांदीचं कडं. सहा महिन्यांनी घे. आज पैसे घालायचेच असतील तर आधी वायरचा हेडफोन घे. तू ब्लूटूथवर खेळतोस हे वाचून मी कपाळावर हात मारला. ब्लूटूथचा आवाज सहज शंभर-दोनशे मिलिसेकंद मागे असतो आणि आपण इथे सव्वीसच्या गप्पा मारतोय. तू नकळत आवाजाऐवजी डोळ्यांनी वाजवायला शिकलायस, तिगुण न ऐकू येण्याचं निम्मं कारण कदाचित हेच. वायर लावल्यावर ऑफसेट, म्हणजे आवाज आणि खेळ जुळवणारी सेटिंग, नव्याने बसव आणि दोन आठवडे सगळं बिघडल्यासारखं वाटेल ते सोस.

पेन टॅबलेटचं क्षेत्र, म्हणजे टॅबलेटचा जेवढा भाग पडद्यासाठी वापरतोस तो, दर आठवड्याला बदलू नकोस, तीन महिने एकच ठेव. पावसाळ्यात जून ते सप्टेंबर टॅबलेटवर हात चिकटतो. दोन बोटांचा पातळ हातमोजा किंवा चिमूटभर टाल्कम पावडर पुरते. आणि लाईट. लाईट गेली की रेकॉर्ड गेलं. मी एकदा गाण्याचे शेवटचे अकरा सेकंद राहिले असताना अंधारात बसलोय. छोटा यूपीएस कीबोर्डच्या आधी घे.

मनगटावर थोडं गंभीरपणे. दुखत असताना खेळणं हा शूरपणा नाही. मी केलाय. 2015 च्या मे महिन्यात, उकाड्यात, रोज सहा तास, दुखणारा हात गरम पाण्यात बुडवून पुन्हा बसायचो. शेवटी पाण्याचा तांब्या उचलता येईना. दोन महिने बंद, वर फिजिओथेरपी. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला की टेबल केवढ्या उंचीचं आहे. माझं टेबल म्हणजे शिलाई मशीनचं पाट होतं, मनगट सतत वर वाकलेलं. तुझा फोटो पाहिला, तूही पलंगावर मांडीवर कीबोर्ड घेतोस. आजपासून बंद. मनगट सरळ, कोपर टेकलेलं, दर वीस मिनिटांनी उठून हात सैल सोडायचा. बोटांना मुंग्या येत असतील किंवा रात्री हात बधिर होत असेल तर हे उत्तर वाचणं थांबव आणि आधी डॉक्टरला दाखव.

आणि पाच तास नकोत, दोन बस झाले. पहिली पंधरा मिनिटं हलक्या गाण्यांवर हात गरम करायचा. मग चाळीसेक मिनिटं कधीच न खेळलेली गाणी, प्रत्येक एकदाच, शेवटपर्यंत. नव्या गाण्यांवर हात आणि डोळे दोन्ही घडतात. मग एडिटरमधल्या निवडक जागा किंवा वेगाचे झटके, एक दिवस हे, एक दिवस ते. शेवटी ज्यावर गुण मिळवायचेत अशी दोन-तीन गाणी, तीही दोनदाच. आठवड्यात एक दिवस बिलकुल नाही. झोप मोडून खेळू नकोस, दिवसा घोटलेलं हातात बसतं ते झोपेत.

चार आकडीचं विचारलंस, तर त्याचं गणितही समजून घे. पीपी मोजताना तुझा सर्वांत चांगला निकाल पूर्ण धरतात, पुढचा 95 टक्के, त्याच्या पुढचा त्याच्या 95 टक्के, असं उतरत. विसाव्या निकालाची किंमत अडतीस टक्क्यांवर येते, पन्नासाव्याची जेमतेम आठ. म्हणजे तुझ्या यादीच्या तळाला वर्षभर भर घालत राहिलास तरी क्रमांक हलणार नाही. वरचे दहा-पंधरा निकाल बदलायला हवेत, आणि ते बदलतात ते पातळी उंचावल्यावर, एकदम चार-पाच एकत्र. मधले तीन-चार महिने सपाट जातात. त्यात बाकीची मंडळीही सुधारत असतात, त्यामुळे पीपी तेवढंच राहिलं तर क्रमांक मागे जातो. म्हणून म्हटलं, वहीत यूआर लिही, चुकल्यानंतर परत पकडायला लागलेली वर्तुळं लिही. तुझ्या आजच्या स्थितीवरून मला दीड ते दोन वर्षं दिसतात. सहा महिन्यांत होतं असं सांगणारे भेटतील. सेमिस्टरच्या परीक्षेच्या महिन्यात अर्धा तास नवी गाणी, बाकी काही नाही. हात विसरत नाही, तपासून सांगतोय.

चवथ झाली की मला तीन रिप्ले पाठव. तिन्ही गाणी आधी कधी न खेळलेली, पहिलाच प्रयत्न, शेवटपर्यंत. एक 160 च्या आसपासचं लांब, एक तिगुणीचं, एक तुला झेपणार नाही असं. टक्के किती पडले ते लिहू नकोस, मला ते बघायचे नाहीत. जिथे चुकलास त्या पुढचे दहा सेकंद बघायचेत. आणि आरतीला जाणार असशील तर घुमटाला हात लाव, नुसता मागे उभा राहून टाळ्या वाजवू नकोस.